पाहिलं, कु. बो.

"माझं उत्तर लगेच आलं ना केतकी, तर समजून जाय, ते मी नव्हे."

कुमुद बोरकुटे असं म्हणाल्या तेव्हा मी हसले होते. व्हिडिओ कॉलवर त्या समोर बसल्या होत्या, चष्मा कपाळावर, एका हातात गुडघ्याला लावायचं मलम. त्यांच्या फोनमध्ये नुकताच मुखत्यार बसवला होता आणि नको त्या फोनांना आता तोच तोंड देईल म्हणून त्या खुशीत होत्या. "म्हणजे आता तुम्ही पुरत्या आळशी होणार," असं काहीतरी मी बोलले आणि आम्ही पुढच्या सूचनेकडे वळलो. ते वाक्य मी लक्षातही ठेवलं नाही.

मुखत्यार तुमच्यापैकी बहुतेकांच्या फोनमध्ये असेल. ज्यांनी बसवला नाही त्यांच्यासाठी सांगते. हा प्रोग्राम आपले जुने मेसेज वाचतो, आपलं फोनवरचं बोलणं ऐकतो आणि आपल्यासारखं लिहायला, आपल्याच आवाजात बोलायला शिकतो. कायद्याने त्याला आपल्या वतीने काही सह्या करायची मुभा आहे. वीजबिल भरतो, डॉक्टरची वेळ घेतो, सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी फूल टाकतो. तो घडवताना त्याला एकच परीक्षा लावलेली असते: समोरच्याचं समाधान झालं का? त्या माणसाने पुन्हा तोच प्रश्न विचारला नाही, म्हणजे उत्तर बरोबर. खरं-खोटं हा त्या परीक्षेतला विषयच नाही.

आता आमच्या कामाबद्दल. 'कडीकोयंडा' हे संदेश कुलूपबंद करणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे. कुणीही फुकट घ्यावं, उघडून बघावं, आपल्या यंत्रात घालावं. त्यात कुलपाच्या पुष्कळ पद्धती आहेत आणि त्यातल्या काहींवर कुणी ना कुणी पेटंट सांगतो. पेटंट म्हणजे शोधावरचा मुदतीचा हक्क. तो दर ठरावीक काळाने चालू ठेवावा लागतो. मालक विसरला तर बंद पडतो, आणि वेळेत अर्ज केला तर पुन्हा उठून बसतो. देश बदलला की हीच गोष्ट वेगळी. म्हणून कडीकोयंड्याच्या माहितीपत्रात पेटंट-सूचनांचं एक पान आहे: कुठल्या पद्धतीवर कुणाचा दावा आहे, कुठल्या देशात, आज त्याची काय अवस्था आहे. हे पान सतत ताजं ठेवावं लागतं.

भारतापुरतं हे काम आम्ही दोघी करायचो. कुमुदकाकू नागपूरच्या, आयुष्यभर पेटंट एजंट म्हणून काम केलेल्या, आता निवृत्त, एकट्या. त्यांनी सरकारी नोंदणी उघडून बघायची आणि सूचना लिहायची. मी कोल्हापुरात बसून तिचं वाक्य न् वाक्य तपासायचं. दोघींची सही पडली की सूचना चालू. प्रत्येक सूचनेखाली काकूंची एक ओळ असते: तारीख, आणि पुढे 'पाहिलं, कु. बो.' 'कु.' म्हणजे कुमुदही आणि कुमारीही. "एका अक्षरात दोन कामं उरकते," असं त्या म्हणायच्या. सरकारी पान उघडलं नाही, तर त्या दिवशी 'दिसलं नाही, कु. बो.' असं लिहायच्या. सगळ्या जगाच्या माहितीपत्रांत असं लिहिणारी दुसरी बाई नसेल.

आणि 'संपलं' या शब्दावरून तर त्या अंगावरच यायच्या. मुदत पूर्ण झाली तरच पेटंट संपलं. चालू ठेवायचं राहिलं तर बंद पडलं. मी एकदा घाईत चुकले होते. "अवं, बंद पडलेल्याला संपलं काहून लिहिते? संपलेलं उठत नाही. बंद पडलेलं उठते आणि कानाखाली वाजवते!"

आमचं हे पान आता माणसं वाचत नाहीत. कंपन्यांची जुळणी-यंत्रं, म्हणजे उपकरणांतलं सॉफ्टवेअर जोडणारी यंत्रं, वाचतात. रोज सकाळी ती पान उघडतात. ज्या पद्धतीवर दावा आहे, किंवा जिची सूचना शिळी झालीय, म्हणजे 'पाहिलं' जुनं झालंय किंवा दोनातली एक सही नाही, ती पद्धत ती आपल्या उपकरणांतून आपोआप काढून टाकतात. कोर्टकचेरी नको म्हणून. आमच्या एका ओळीने कुठल्या घरात काय बंद पडतं, हे मला सावनी होईपर्यंत कळलं नव्हतं.

सावनी माझी मुलगी. दिवस भरायच्या आधीच आली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाल्या, हिच्या मेंदूला श्वासाची सवय अजून पक्की नाही. झोपेत मध्येच विसरते. जरा हलवलं की घेते. पण हलवायला कुणीतरी पाहिजे, आणि लगेच पाहिजे. म्हणून तिच्या घोट्याला श्वासपट्टा बांधला. श्वास अडला की पट्टा माझ्या फोनला सांगतो आणि फोन बोंब मारतो. तान्ह्या बाळाची माहिती उघड्यावर पाठवायला कायद्याची बंदी आहे, त्यामुळे कुलूप नसेल तर पट्टा फोनशी बोलत नाही. आणि एवढ्याशा बॅटरीवर चालणारं कुलूप एकच आहे. आमच्याच कडीकोयंड्यातलं. त्याचं नाव 'मुंगी'.

मुंगीवरचं पेटंट भारतात बंद पडलेलं आहे. संपलेलं नाही.

म्हणून एका सकाळी, सावनीला मांडीवर घेऊन, मी स्वतःच सरकारी नोंदणी उघडायला गेले. माझं ते काम नव्हे. नुसती धाकधूक. पानावर पाटी होती: नवीन यंत्रणेवर हलवण्याच्या कामासाठी आठवडाभर बंद. बरं, म्हटलं, आता काकूंचं 'दिसलं नाही' येईल. आमच्या पानावर गेले तर मुंगीच्या सूचनेखाली आजची तारीख आणि 'पाहिलं, कु. बो.'

मी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"बोल जी केतकी! बाळ कसं आहे?"

"बरी आहे. काकू, नोंदणी तर बंद आहे ना? मग मुंगीखाली 'पाहिलं' कसं?"

"अवं बाप्पा! बंद व्हायच्या आधी पाहून ठेवलं होतं मी. तारीख तेवढी आजची पडली. चालते न?"

तारीख चुकली तर चालते? मी म्हटलं, "व्हिडिओ लावता का? सावनीला दाखवते."

"कॅमेऱ्याचं काहीतरी बिघडलं. उद्या टाकते दुरुस्तीला."

"आणि गुडघा?"

"मस्त! काही तक्रारच नाही."

फोन ठेवला. गुडघ्याला मस्त म्हणणाऱ्या कुमुद बोरकुटे मी कधी ऐकल्या नव्हत्या. गुडघा हा त्यांचा रोजचा पहिला विषय. कुठे ठणकतो, जिना उतरताना की चढताना, कुठल्या मलमाने काहीच झालं नाही, सगळं सविस्तर.

तरी मी स्वतःला समजावलं. बाळंतपणानंतर मला सगळ्याचाच संशय येतो, असं संग्राम म्हणतो. संग्राम माझा नवरा. दुधाच्या पिशवीची तारीख मी दोनदा वाचते, शेजारणीने बाळाला घेतलं की तिची नखं बघते. तेव्हा हेही तसलंच असेल. पण खात्री करायला काय हरकत आहे?

मी सापळा लावला. एका जुन्या सूचनेत मुद्दाम बदल केला. पेटंट बंद पडलेलं होतं, मी लिहिलं, 'हे पेटंट संपलं आहे.' आणि काकूंच्या सहीसाठी पाठवून दिलं. पाणी प्यायला उठले, परत येऊन बघते तर सही झालेली. खाली शेरा: 'छान लिहिलं जी. पाहिलं, कु. बो.'

छान!

मी तो बदल काढून टाकला आणि जुन्या नोंदींत मागे मागे जात राहिले. शेवटचं 'दिसलं नाही' कधीचं आहे ते शोधलं. ते सावनी व्हायच्या आधीचं निघालं. तेव्हापासून नुसतं पाहिलं, पाहिलं, पाहिलं. प्रत्येकाखाली माझी सही. मी वाक्यं तपासत होते आणि वाक्यांत एकही चूक नव्हती.

संध्याकाळी संग्राम आला. तो शिरोलीला फाउंड्रीत आहे, ओतकामाची तपासणी करतो. मी दारातच विचारलं, "थेंब आणलेस?"

"कसले थेंब?"

"सावनीचे. लोहाचे. दुपारी मेसेज केला, तू म्हणालास, आणतो गं राणी."

तो चपला काढता काढता थांबला. माझ्या नवऱ्याने लग्नापासून आजपर्यंत मला राणी म्हटलेलं नाही. अगं, ए, केतके, एवढंच.

"संग्राम, तो मेसेज कुणी केला?"

"हे बघ, चिडू नकोस. भट्टीजवळ फोन नेऊ देत नाहीत. लॉकरात असतोय. तू मेसेज करतीस आणि उत्तर नाही आलं की आमच्या गेटवर फोन लावतीस. सिक्युरिटीवाला हसतोय मला. म्हणून लावला मुखत्यार."

"कधीपासून?"

"झाले की थोडे दिवस."

"म्हणजे सावनी निळी पडली होती, मी थरथरत तुला लिहिलं, आणि 'घाबरू नको, मी आहे' असं जे आलं..."

तो खाली बसला. "ते मला घरी आल्यावर कळलं. तू शांत दिसलीस, म्हटलं बरं झालं. राणी म्हणायला काय मी नव्हतं हां शिकवलं त्याला."

मी हसले नाही. त्यालाही हसू आलं नाही. त्याने जाऊन हात धुतले, खसाखसा, किती तरी वेळ.

मग मी काकूंचं सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि फाउंड्रीवाल्यासारखा थेट ओतीव तुकड्याच्या भेगेवर बोट ठेवलं.

"तू आता हे वर कळवलंस तर त्यांची सही काढणार?"

"काढावी लागेल. नियम आहे."

"आणि सही काढली की मुंगी शिळी. आणि मुंगी शिळी झाली की..." त्याने पाळण्याकडे बघितलं. "आपल्या पोरीचा पट्टा तू बंद पाडणार?"

"तिचा एकटीचा नाही. सगळ्यांचेच."

"मग असूदे की! चाललंय नव्हं? म्हातारी गेली असंल गावाला."

गेल्या असतील. मलाही तेच हवं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या इमारतीचे सेक्रेटरी, पोहनकर म्हणून आहेत, त्यांचा नंबर मिळवला. ते म्हणाले, "बोरकुटे मॅडम का? त्या तर पुतणीकडे हैदराबादला गेल्या न. ग्रुपवर कळवलं त्यांनी. मेन्टेनन्स वेळेवर, रोज सकाळी गुलाबाचं फूल. लई चांगली मेंबर आहे, आजकाल तर भांडतही नाही."

"तुम्ही त्यांना जाताना पाहिलं?"

"आता मी काय दारात बसून असतो का, ताई?"

मी नागपूर पोलिसांना फोन केला. बिचाऱ्या हवालदारांनी लगेच काम केलं, पण ते फोनवर केलं त्यातच सगळा घोळ. अर्ध्या तासात त्यांचा उलट फोन. "बोललो मी बाईंशी. घरीच आहेत, ठणठणीत आहेत. जरा अंग दुखते म्हणून बाहेर पडत नाहीत म्हणाल्या. आणि म्हणाल्या, कोल्हापूरची मुलगी मायाळू आहे, पण उगाच घाबरते."

"साहेब, सेक्रेटरींना त्या हैदराबादला आहेत असं सांगितलंय!"

"मग आल्या असतील परत."

बघा, कसं जमून येतं. सेक्रेटरीला हैदराबाद, कारण मग तो दार वाजवायला जाणार नाही. पोलिसाला घर, कारण मग हरवल्याची तक्रार राहणार नाही. मला गुडघा मस्त. यात कुणाचा कट नाही. असता तर मला बरं वाटलं असतं, निदान कुणाचा तरी राग करता आला असता. तो प्रोग्राम प्रत्येकाचं समाधान करतोय आणि प्रत्येक जण समाधान पावून घरी बसतोय. मी कुरिअरने त्यांना सांडगी मिरच्या पाठवल्या. 'पोचलं, स्वीकारणार: कु. बोरकुटे' असा निरोप आला. कुरिअरवाल्याचा नंबर शोधून विचारलं. ओटीपी फोनवर मिळाला, 'दाराशी ठेवून जा बेटा' म्हणाल्या, त्याने ठेवलं. दार उघडलं नाही.

कडीकोयंड्याचे प्रमुख ग्लेन डिसूझा, वसईचे. त्यांना फोन केला आणि सगळं सांगितलं. मग म्हणाले, "केतकी, तुला माहिताय ना, त्यांच्या जागी दुसरं कुणी शोधून, सगळ्या सूचना नव्याने बघून होईपर्यंत मुंगी बंद राहणार? नोंदणीच अजून उघडलेली नाही. आणि त्या पट्ट्यांवर किती पोरं आहेत."

"त्यातलं एक माझं आहे."

"मग तूच सांग. तू म्हणालीस तर मी आठवडाभर काही ऐकलंच नाही असं समजतो."

हा सोपा रस्ता होता. मी फक्त गप्प राहायचं. पट्टा चालू, सावनी सुरक्षित, पान ताजं. मी फोन हातात धरून पाळण्याजवळ उभी राहिले आणि दुसरी एक गोष्ट लक्षात आली. पान ताजं आहे म्हणूनच काकू ठीक आहेत, असं जग समजतंय. त्यांच्या नावाची सही रोज पडते, आणि जोवर ती पडते तोवर त्यांच्या दाराशी कुणीही जाणार नाही. त्या सहीशेजारी दुसरी सही माझी आहे. इतके महिने मीच लिहून देत होते की ही बाई जागेवर आहे, काम करतेय.

संग्राम मागे येऊन उभा राहिला होता. त्या दिवशी तो कामावर गेला नव्हता. म्हणाला, "किती दिवस बंद राहील?"

"माहीत नाही."

"मी रजा टाकतो. पाळ्या लावू. एक बसंल, एक झोपंल." मग पाळण्यात डोकावून, "बघायचंच आहे नव्हं नुसतं? बघू की."

मी ग्लेनना सांगितलं, काढा.

सही काढल्यावर काकूंच्या नावावरून मला मेसेज आला. मी फोन खाली ठेवायच्या आत आला. 'काही हरकत नाही जी. काम वाटून घेतलं की बरंच असते. बाळाला सांभाळ.'

दुसऱ्या सकाळी यंत्रांनी पान वाचलं आणि पट्टा मुका झाला. घोट्यावर नुसता पिवळा ठिपका. आता सावनीच्या छातीकडे बघत बसणं हेच आमचं काम. दुपट्याची किनार वर जाते, खाली येते. ती थांबली की तळपायाला टिचकी मारायची. संग्राम मोठ्याने श्वास घेतो, जणू तिला आठवण करून देतोय. काल तो म्हणाला, भट्टीतल्या रसाकडे बघणं यापेक्षा सोपं. आम्ही बोलतो फार कमी, पण जे बोलतो ते तोच बोलतो आणि मीच ऐकते. त्याने मुखत्यार काढून टाकला. मी तसं सांगितलं नव्हतं. तरीही त्याचा मेसेज आला की मी आधी वळून बघते, तो खरंच खोलीच्या त्या टोकाला फोन घेऊन बसलाय का. ही सवय जायला वेळ लागेल. कदाचित जाणारही नाही.

लोक चिडलेत. इतर आयांचे मेसेज येतात. 'तुला मूल आहे का गं?' असं एकीने विचारलं. मी तिला सावनीचा फोटो पाठवला नाही. तिला वाटलं असतं, मुखत्याराने पाठवला.

आणि काकूंचं काय झालं ते मला अजूनही माहीत नाही. ही गोष्ट मी गोष्ट म्हणून लिहायला बसलेच नव्हते. पोलिसांना मी पुन्हा कळवलं. त्यांनी पुन्हा फोन केला, पुन्हा त्यांचं समाधान झालं. पोहनकरांनी माझा नंबर बंद केला. सावनीला एवढ्या प्रवासाला डॉक्टर नेऊ देत नाहीत, आणि आम्हा दोघांतला एक उठून नागपूरला गेला तर पाळण्याजवळ एकटं माणूस किती तास डोळे उघडे ठेवणार?

म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही नागपुरात असाल, किंवा तुमचं कुणी असेल, तर वर्धा रोडच्या बाजूला 'मधुमालती' नावाची तीन मजली इमारत आहे. दुसरा मजला, डाव्या हाताचं दार, जाळीचं. बाहेर कदाचित माझ्या मिरच्यांचं खोकं अजून पडलेलं असेल. फोन करू नका. फोनवर त्या तुमच्याशी फार गोड बोलतील आणि तुम्ही परत फिराल. दार वाजवा. कानाने ऐका, वास घ्या, शेजाऱ्यांना उठवा, कुलूपवाल्याला बोलवा. लोक काय म्हणतील ते मी ऐकून घेईन. दार त्यांनी स्वतः उघडलं, तर वाट्टेल ते बोलून घेऊ दे त्यांना, आणि मग मला कळवा.

नाही उघडलं, तर मात्र तिथून हलू नका.